आईच्या खोलीतला डिमर

आमच्या घरात भूतबित कधी कुणी मानलं नाही. बौद्ध घर आमचं — नवस नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. त्यात मी परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. रिपोर्टमध्ये येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. त्यामुळे हे लिहितानाही मला कसंसंच होतंय...

चाळ पाडून तिथे टॉवर झाला. त्यात आई आणि मी, दोघीच राहायचो. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आईला उजेड टोचायचा, म्हणून तिच्या खोलीत कॉटशेजारी डिमर बसवला होता — चकती फिरवली की लाईट कमीजास्त होते तो. समोर दुसरा टॉवर, खोली भर दुपारीही अंधारी. तिथली लाईट दिवसभर चालू, पण मंद. फक्त माझा भाऊ मिलिंददादा ठाण्याहून यायचा असला की आई म्हणायची, "सुजा, लाईट वाढव गं. त्याचं तोंड नीट दिसू दे." तो यायचा सणासुदीला, तासभर. आंघोळ घालणारी, डायपर बदलणारी मी — माझं तोंड अंधुक दिसलं तरी चालायचं.

आई गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला. त्यानंतर खोलीतला जुना बल्ब बदलून एलईडी लावला आणि तो फडफडायला लागला. मी घाबरले वगैरे नाही. तो काढून हॉलमध्ये लावला, तिथे नीट लागला. हॉलमधला इकडे लावला, तर तोही फडफडला. म्हणजे गडबड डिमरची. शोधल्यावर कळलं — जुने डिमर तारेच्या पिवळ्या बल्बसाठी असतात. एलईडी बल्ब इतकी कमी वीज घेतो की तेवढ्यावर ते डिमर नीट चालत नाहीत. मग एलईडीला चालणारा डिमर आणला, त्याला चालेल असा बल्ब आणला, आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन हेमंतने बसवून दिला. लाईट एकदम शांत. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

मग एका रविवारी दुपारी दादा आला. आईच्या शेवटच्या आजारपणात ज्याला सुट्टी मिळाली नव्हती, तोच दादा. नव्या घरात लावायला त्याला आईचा फोटो हवा होता. मी खोलीच्या दारात उभी होते, तो आत गेला... आणि लाईट हळूहळू वाढत गेली. पार लख्ख झाली. डिमरची चकती होती तिथेच, खाली मंदावर. मी स्वतः बघत होते.

"तू वाढवलीस का?" दादाने विचारलं.

"मी इथे उभी आहे दादा. हात तरी पोचेल का माझा?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलायला बाहेर आला, तशी लाईट उतरली. पुन्हा आत गेला — पुन्हा वाढली. दादा आईच्या कॉटवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "आईने ओळखलं गं मला..."

मला भीती वाटली नाही. राग आला.

"जिवंत होती तेव्हाही ओळखायची तुला," मी म्हटलं. "रोज विचारायची, मिलिंद कधी येतोय."

दादा उठला. फोटो उचलला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हेमंतने सगळं उघडून पाहिलं. व्होल्टेज ठीक, वायरी घट्ट. "ताई, चकती खाली असताना एवढा उजेड येणारच नाही," म्हणाला. दादाने तोवर सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. मावशीचा फोन आला — "बघ, किती जीव होता तिचा त्याच्यावर!" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कारण मला आजही सापडलेलं नाही. व्होल्टेज कमीजास्त झालं म्हणावं, तर ते नेमकं त्याच्याच येण्याजाण्याने कसं होईल?

एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. दादा गेला त्या संध्याकाळी मी त्या कॉटवर जाऊन बसले. चकती तशीच खाली. बराच वेळ बसले. शेवटी, स्वतःचीच लाज वाटत होती तरी म्हटलं, "आई... मी आहे. सुजा."

लाईट जराही हलली नाही.