टीव्हीची ओटी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच विचारत आलोय – "बिल आहे का?" पुरावा दाखव, नाहीतर खलास. आज सांगणारा मीच आहे... आणि बिल माझ्याकडेही नाही.

अठ्ठ्याण्णवचा हिवाळा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं पत्र्याचं गोडाऊन होतं. एका हॉटेलचे चाळीस जुने टीव्ही घासाघीस करून उचलले होते. जवळचं होतं नव्हतं ते त्यात घातलेलं. सुदानी गिऱ्हाईक फेब्रुवारीत येणार, तोवर माल सांभाळायचा. तिकडे हिवाळ्यात थंडी कमी, धुकं फार. पहाटे पत्र्यातून पाणी ठिबकतं. ती ओल टीव्हीत शिरली की सर्किट गेलंच.

माझा थोरला भाऊ अण्णा तेव्हा धंद्यात माझ्याबरोबर. तो तांदूळ भाजायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायचा आणि प्रत्येक सेटच्या कव्हरात एकेक ठेवायचा – ओल शोषून घेतात म्हणून. त्या वर्षी मी चारचौघांत ओरडलो, "अण्णा, टीव्हीची ओटी भरतोस काय रे? कुंकू पण लाव!"

सगळे हसले. अण्णा नाही हसला. "तुझा माल, तू सांभाळ," म्हणाला आणि आठवड्यात साताऱ्याला निघून गेला. ऐन सीझनमध्ये, मला एकट्याला टाकून! चेष्टा कोण करत नाही? ते मी अजून विसरलेलो नाही.

रागारागात चाळीसही सेट मीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. जाड टेप लावली आणि प्रत्येक टेपवर आडवी सही ठोकली – माझा कुणावर भरवसा नसतो. कुलूप एक, चावी माझ्या गळ्यात.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या सकाळी गोडाऊन उघडलं. सगळीकडे ओल, खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यांचा लगदा. पहिला सेट ओढला – सही जशीच्या तशी. टेप कापली. आत टीव्ही कोरडा ठणठणीत... आणि त्याच्या डोक्यावर पुरचुंडी.

दुसऱ्यात पुरचुंडी. तिसऱ्यात. चाळीसच्या चाळीस! जी हातात घ्यावी ती कोमट – तांदूळ नुकतेच तव्यावरून काढल्यासारखे.

वॉचमन खानवर धावून गेलो. "कौन आया था?"

"सेठ, ताला आपका, चाबी आपका, साइन भी आपका," तो म्हणाला. "मेरे पे क्यों गरम होते हो?"

साताऱ्याला फोन लावला. वहिनींनी उचलला. "भावोजी, बरं झालं फोन केलात. हे कालपासून तांदूळ भाजतायत हो! डबा रिकामा केला. विचारलं तर म्हणतात, लागतील."

मग अण्णा फोनवर आला. "धुकं आहे का रे तिकडं?"

"आहे."

"मग लगेच प्लग लावू नकोस. दिवसभर कोरड्या खोलीत राहू दे."

माफीचे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. पण भाव करताना आधी तोंड उघडेल तो हरतो – सवय झालेली. "बरं," म्हणालो आणि फोन ठेवला.

चाळीसही सेट चालले. सुदानी खूश – "हबीबी, सब फर्स्ट क्लास!"

सह्या न तुटता तांदूळ आत गेले कसे, मला आजही माहीत नाही. भूत म्हणू नका; अण्णा धडधाकट आहे, रोज फिरायला जातो. परत मात्र आला नाही.

आता धुकं पडलं की तांदूळ मी भाजतो. शेवटची पुरचुंडी बांधेपर्यंत पहिली गार झालेली असते.