डोळेवाल्या बाई

डोळ्यांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या होत्या. तिथे एक बाई नकली डोळे बनवत. सगळे त्यांना डोळेवाल्या बाई म्हणत आणि त्यांनाही ते कधी खटकलं नाही. आत्याने भाचीला त्यांच्याकडे आणून बसवलं, तेव्हा भाचीच्या कपाळावर ठसठशीत आठी होती. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षात येऊन ही मुलगी हातपाय गाळून बसली होती. कागद पुढे घेतला की तिला जांभया येत. "माझ्यात काही नाहीच, मी कॉलेज सोडते," असं तिने घरी जाहीर केलं होतं. आत्या त्याच दवाखान्यात नर्स. "महिनाभर बाईंकडे बस, मग खुशाल सोड," एवढं बोलून ती वॉर्डात निघून गेली.

बाईंची कामाची तऱ्हाच वेगळी. डोळा गमावलेला माणूस समोर बसला की त्या विचारत, "तुम्हाला वेड कशाचं आहे?" माणूस आधी गडबडे, मग बोलू लागे. एक ट्रकवाला आपल्या कबुतरांबद्दल इतका बोलला, की बाहेरचे दोघं ताटकळून निघून गेले. बोलता बोलता त्याच्या धड डोळ्यातली बाहुली मोठी झाली आणि बाईंनी नेमकी तेवढीच रंगवली. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू पसरून त्या शिरा करत. असे तयार डोळे ट्रेमध्ये ठेवले की मुलीला तिथे बसवेना. खोलीत कुठेही उभं राहा, कुणीतरी आपल्याकडे जीव लावून बघतंय असं वाटे.

एका दुपारी बाईंनी तिलाच खुर्चीत बसवलं.

"तुझं वेड सांग."

"चित्रं," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि कुंचला उचलला. चार-सहा दिवसांनी ट्रेमध्ये तिचा डोळा होता. रंग हुबेहूब, पण बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. एवढ्या डोळ्यांत तोच एक मेलेला.

"मला दिसलं ते रंगवलं," म्हणत बाईंनी तो खणात टाकला.

दुसरी कुणी असती तर पुन्हा तिकडे फिरकली नसती. ही मात्र दुसऱ्या दिवशी हजर, कारण तिला ते चांगलंच झोंबलं होतं. ती रेशीम पिंजायला शिकली, बुबुळातल्या रेघा काढायला शिकली. येणाऱ्यांची वेडं ऐकता ऐकता तिचा डबा तसाच राहू लागला. जांभया कधी थांबल्या, हे तिला कळलंसुद्धा नाही.

मग एके दिवशी बाई स्वतःच खुर्चीत बसल्या. "आज माझा रंगव. दोन्हीतला कुठला बघायचा ते तू ठरव."

तिला ठरवायला वेळ लागला नाही. बाईंचा डावा डोळा किती जिवंत होता! बोलताना ती नेहमी त्याच डोळ्याकडे बघे. "तुमचं वेड सांगा," ती म्हणाली, आणि बाई बोलत राहिल्या. तिने तहानभूक विसरून डावा डोळा उतरवला. शेवटची रेघ संपल्यावर बाईंनी हात वर नेला आणि डाव्या डोळ्यावर नख वाजवलं. टक, टक.

तिने कुंचला खाली ठेवला आणि पुढे वाकून पाहिलं.

"माझाच आहे. मीच रंगवलेला," बाई शांतपणे म्हणाल्या. "आरशापुढे बसून एकटीच बोलत होते तेव्हा."

मग त्यांनी खण उघडला, तिचा तो मेलेला डोळा काढला आणि तिच्या गालाजवळ धरला. आपला उजवा डोळा त्यांनी मिटून घेतला. उघड्या डाव्याने त्या तिच्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. कशाने बघताय, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

"हा आता जुळत नाही," त्या म्हणाल्या.

तिने भीतभीत आरशात पाहिलं. खरंच जुळत नव्हता.