प्रागच्या पुलावरून अनवाणी

राजेश्वरी अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर, खाली दुकान, वर आम्ही दोघी. दोघींचेही मालक लवकर गेले. मोठे दीर गेले त्याच वर्षी अक्कानं कडक भाकरीचा धंदा काढला. पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी, महिनाभर राहते, सोबत शेंगा चटणी. पेठेत कुणालाही विचारा, अक्काचं घर बोट करून दाखवतील. माझं नाव दाक्षायणी, पण ते विचाराल तर कुणाला सांगता यायचं नाही. मी अक्काची जाऊ. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आम्ही लिंगायत, अक्काचं माहेर अक्कलकोटकडचं. राग आला की ती कन्नडमधून बोलते आणि लई राग आला की बोलतच नाही. उंची बेताची, आवाज मोठा, आणि चालणं म्हणाल तर तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला धाप लागायची. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. त्या उंच काठ्या खांद्यावर, कमरेवर पेलत मानकरी गावातल्या अडुसष्ट लिंगांना जातात आणि त्यांच्यामागं सगळं गाव. अक्का त्यात अनवाणी असायची. प्रत्येक लिंगापुढं थांबायचं, हात जोडायचे, पुढं निघायचं. मध्ये कुठं बूड टेकायचं नाही, हा तिचा नेम. लग्न होऊन आली तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

ते यंदा चुकलं, आणि चुकवलं तिच्या पोटच्या पोरानं.

झालं असं की दिवाळीनंतर अक्का न्हाणीत पाय घसरून पडली. मी त्या दिवशी अक्कलकोटला भाचीच्या लग्नात. अक्काला उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत वाजत राहिला. संध्याकाळी शेजारची काशम्मा भाकरी न्यायला आली, तिनं आवाज ऐकला आणि माणसं जमवली. गुडघ्याला मार बसला होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, रोज चाला. नंदीश, म्हणजे अक्काचा एकुलता एक मुलगा, पुण्याहून धावत आला आणि म्हणाला, चालायचं नाही. आता डॉक्टर कोण ते तुम्हीच ठरवा. संक्रांतीला तर तो दारातच खुर्ची टाकून बसला. अक्का वरच्या खिडकीतून काठ्या जाताना बघत राहिली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मग उन्हाळ्यात ह्याच पोराला आईचा पुळका आला. आईला युरोप दाखवतो म्हणाला. तो, त्याची बायको अक्षता, अक्का आणि मी. मला नेलं ते अक्काला उठवायबसवायला, एवढं मला कळतं. पण नेलं, खोटं कशाला बोलू. ग्रुपची टूर होती, सगळी मराठी माणसं, आणि टूर मॅनेजर बिभीषण म्हणून एक बार्शीचा मुलगा, गोड बोलणारा. अक्कासाठी चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवलेली. विमानतळावर तिला तीत बसवून ढकलत नेलं, तेव्हा ती अशी बसली होती की बघणाऱ्याला वाटावं, हिला पोलिसांनी धरलंय.

प्रागला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता चालला होता. अक्षता बोलता बोलता मला म्हणाली, "काकू, आईंच्या खोलीला पडदेसुद्धा लावून झालेत. परत गेलो की मुंबईहून थेट पुणे. सोलापूरच्या घराला भाडेकरूही बघितलाय यांनी."

मी अक्काकडं बघितलं. अक्काला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी कुठं जायचं, हे तर कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं, माहेरी जाईल म्हणून धरून चालले असतील. नंदीश अंड्यावर मीठ घालत राहिला. अक्कानं हातातला पाव शेवटपर्यंत चावून खाल्ला आणि एक शब्द बोलली नाही. मी ओळखलं, आज काहीतरी होणार.

त्या दिवशी पायी फिरायचं होतं. जुनं गाव बघायचं, गाडी आत जात नाही. बिभीषण बसमध्ये उभा राहून म्हणाला, "दोन तासांचा वॉक आहे, सगळे दगडी रस्ते आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी गाडीतच आराम करायचा."

"आमची आई थांबेल," नंदीशनं हात वर करून सांगून टाकलं.

अक्का उठली आणि पायऱ्या उतरून खाली जाऊन उभी राहिली. नंदीश मागोमाग उतरला. "आई, अगं तुला जमणार नाही."

"नंदीश, ऐक," अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे, सगळी बस ऐकत होती. "मी ह्या सगळ्यांसंगं शेवटपातूर माझ्या पायानं आले, कुटं न बसता, तर मी सोलापुरात राहणार. तू पुण्याचं नाव काढायचं न्हाय. मदी कुटं टेकले, तर तू म्हणशील तितं येते. हाय कबूल?"

नंदीश हसला. "बरं बाई, कबूल."

त्याचं ते हसणं मला लई झोंबलं. लहान पोराच्या हातात खेळणं द्यावं तसं तो कबूल म्हणाला होता. मी बिभीषणला म्हटलं, "तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही साक्षीला." त्यानं बिचाऱ्यानं मान डोलावली.

आम्हाला हिंडवायला एक तिथलीच बाई आली, माझ्या वयाची, हातात पिवळी छत्री उंच धरलेली, म्हणजे माणसं चुकू नयेत. ती इंग्रजीत बोलायची, बिभीषण मराठीत सांगायचा. पहिल्यांदा मोठ्या चौकात नेलं. तिथं भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. तास झाला की वरच्या खिडक्या उघडतात आणि संतांच्या बाहुल्या फिरतात. ते बघायला ही गर्दी. तास व्हायला वेळ होता, म्हणून आमची माणसं जागा मिळेल तिथं पायऱ्यांवर टेकली. मीसुद्धा टेकले. अक्का उभी. नंदीश लांबून बघत होता, मधून मधून म्हणत होता, "आई, बस की थोडं." आता हे प्रेमानं की डाव म्हणून, देव जाणे. शेवटी खिडक्या उघडल्या, बाहुल्या फिरल्या, बंद झाल्या.

"झालं?" अक्का म्हणाली. "एवढ्यासाठी उभं केलं व्हय?" पण संत आहेत म्हटल्यावर तिनं हात मात्र जोडले.

पुढं गल्ल्या लागल्या. दोन्ही बाजूंना रंगीत घरं, खिडक्यांत फुलं, आणि खाली मुठीएवढे मुठीएवढे दगड बसवलेले. नंदीशनं आईला पांढरे बूट घेतले होते, महागाचे. अक्काचे पाय सुजलेले. जरा चालली की पाय मुरगळल्यासारखा व्हायचा आणि नंदीशची नजर लगेच तिकडं. एका दुकानापाशी ती भिंतीला हात लावून थांबली, उभ्या उभ्या एक बूट काढला, मग दुसरा, मोजे काढले, आणि सगळं माझ्या पिशवीत कोंबलं.

बिभीषण धावत आला. "आजी, असं नका करू. काच लागेल. आणि लोक बघतात हो."

"बघू दे की. मी त्यांच्या पायाकडं बघते का? अडुसष्ट लिंगं मी अशीच फिरते. देवाला चालतं, तुला का न्हाय चालत?"

आणि खरं सांगते, बूट काढल्यावर ती चालायला लागली. इतका वेळ तिचं तिला कळत नव्हतं पाऊल कुठं पडतंय. आता तळवा दगडाला लागला आणि तिची चाल तिला सापडली. मला बरं वाटलं. नंदीशला वाटलं नसावं, कारण तो माझ्याशी बोलेनासा झाला.

मग आला पूल. नदीवरचा जुना दगडी पूल, माणसांनी भरलेला, आणि दोन्ही कठड्यांवर ओळीनं संतांचे काळे पडलेले पुतळे. बिभीषणनं हे सांगितलं मात्र, अक्का पहिल्या पुतळ्यापुढं थांबली. हात जोडले. मग पलीकडच्या पुतळ्यापाशी गेली. हात जोडले. परत अलीकडं. मला कळलं. ही पूलभर हेच करणार. वाटेत देव लागला की थांबल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं.

"अक्का, हे आपले देव न्हवंत," मी हळूच म्हटलं. "सरळ चल की. पाय राहतील तुझे."

"संत हायत म्हणला ना तो? मग ओलांडून कशी जाऊ?"

आमच्यात पुण्याचे एक निवृत्त साहेब होते. ते घड्याळ बघत मोठ्यानं म्हणाले, "एका माणसासाठी सगळ्यांनी ताटकळायचं का? अशांना आणतात कशाला?" मी म्हटलं, "साहेब, काल तुम्ही दुकानात मॅग्नेट निवडत होता तेव्हा ह्या बाई गाडीत गप बसून होत्या. तुम्ही व्हा पुढं. पूल कुठं पळून जात नाही." ते गेले पुढं. बाकीच्या बायका मात्र थांबल्या, आणि थोड्या वेळानं बघते तर दोघीतिघी अक्काच्या मागं हात जोडायला लागलेल्या.

पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा अक्काचा गुडघा कापायला लागला. लुगड्यातूनसुद्धा दिसत होतं. तोंड घामानं भिजलेलं. छत्रीवाल्या बाईनं बिभीषणला काहीतरी विचारलं, त्यानं तिला सगळं सांगितलं असावं, कारण ती परत आली आणि आपली छत्री मिटून अक्कापुढं काठीसारखी धरली. अक्कानं तिच्या हातावर हात ठेवला आणि छत्री परत केली.

"सांग तिला, लई चांगली हाय ती," बिभीषणला म्हणाली. "पण उद्या हा म्हणेल, छत्रीनं चालली."

नंदीशनं हे ऐकलं. त्याची मान खाली गेली. अक्षता पुढं होऊन अक्काचा हात धरायला लागली, तर अक्कानं तोही सोडवून घेतला, रागानं नाही, पण सोडवून घेतला. एकही पुतळा चुकवला नाही बघा तिनं. शेवटच्या पुतळ्यापुढं हात जोडताना तिचे डोळे मिटलेले होते, ते भक्तीनं की दुखण्यानं, मी विचारलं नाही.

पुलापलीकडं लहानसा चौक होता, हॉटेलाच्या खुर्च्या बाहेर मांडलेल्या. आमची माणसं केव्हाच पोचून कॉफी पीत होती. छत्रीवाली बाई म्हणाली, वॉक संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या निवृत्त साहेबांनीसुद्धा. बिभीषणनं खुर्ची ओढून अक्कापुढं ठेवली. "बसा आजी. जिंकलात तुम्ही."

अक्का बसली नाही.

"आदी ह्यानं बोलू दे," ती म्हणाली.

नंदीश म्हणाला, "आई, बस आधी. मग बोलू आपण निवांत."

"निवांत न्हाय. आत्ता."

"अगं, लोकांसमोर काय हे? मी गमतीत म्हटलं होतं. खोली तयार आहे, भाडेकरूला शब्द दिलाय मी."

"मला दिला तो काय होता?"

अक्काचे दोन्ही पाय लटलट कापत होते. मी खुर्ची तिच्या पाठीला लावली, तिनं कोपरानं सरकवली. मला रडायला यायला लागलं आणि नंदीशच्या एक कानाखाली द्यावीशीही वाटली. कॉफीचे कप तसेच राहिले, कुणी पिईना.

आणि मग तो पोरगा एकदम फुटला. "तू त्या दिवशी फोन उचलला नाहीस," तो म्हणाला. "सकाळपासून लावत होतो. दुपारपर्यंत मी धरून चाललो होतो की तू गेलीस. गाडी चालवत सोलापूरला येताना मी तुझ्या मातीला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवत होतो, आई. मला ते परत नको."

इतक्या महिन्यांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अक्षतालाही नसावं, ती त्याच्याकडं बघतच राहिली. माझा राग गेला नाही, पण कानाखाली द्यावीशी आता वाटेना.

अक्कानं त्याच्या गालावर हात ठेवला, तसा उभ्यानंच.

"मेले न्हवते रे," ती म्हणाली. "नुसती पडले होते. आणि परत पडंन. तुझ्या पुण्यात बी पडंन, तितं काय गादी अंथरलीया? पर पडायचं तर माझ्या घरात पडू दे. मेले तर तुझ्या बापाच्या शेजारी पुरशील, लांब न्यायला नको. आणि जिती असंपातूर मला चालू दे."

नंदीशनं चष्मा काढून डोळे पुसले. "राहा," तो म्हणाला. "सोलापूरलाच राहा."

"ऐकू न्हाय आलं ह्या लोकांना. मोठ्यानं म्हण."

त्यानं म्हटलं, मोठ्यानं. मग ती बसली.