हिलालने सारलेली बशी

हिलाल,

समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या अंकात तुझ्यावर लिहा असा निरोप आला. ‘सोयरीक जुळवणारे हिलालभाऊ : एक परिचय’ असा मथळाही त्यांनीच करून पाठवला होता. तो मी खोडला. तू माझ्या धाकट्या मामाचा मुलगा, तुझं नाक मी पुसलंय, तुझा परिचय कसला करून देऊ? तेव्हा तुलाच लिहिते. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी तुझ्या खांद्यावरून वाचावं. आतड्याचं लिहू नको, असं तू फोनवर बजावलंस. आतडं वगळलं तर तुझ्यात लिहिण्यासारखं उरतं काय?

वाचणाऱ्यांसाठी सांगते. कळसाडीला तुझा ऊस आहे, कापूस आहे, पण त्याकडे तुझा मुलगा हेमकांत बघतो. तू बघतोस लोकांच्या मुली. शहादा, तळोदा, मधली सगळी गावं, मोटारसायकल आणि डोक्यात सगळ्यांची गोत्रं. कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणाच्या मुलीला शेती नको, हे तुला त्यांच्या आईबापांआधी ठाऊक.

आणि आपल्या घरांतली ती रीत. मुलगी बघायला गेलं की पहिला घास मध्यस्थाचा. त्याने पोह्यांचा चमचा तोंडात घातला की बोलणी सुरू. त्याने बशी बाजूला सारली की पाहुण्यांनी चपला घालायच्या. तोंडाने कुणी कुणाला नाही म्हणत नाही, म्हणून पुढच्या लग्नात दोन्ही घरं एका पंगतीला बसू शकतात. म्हणजे तुझं तोंड हे साऱ्या समाजाचं तोंड. त्याच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय याची चौकशी कुणी केली नव्हती.

करोना ओसरल्यावरच्या उन्हाळ्यात तू प्रत्येक घरी मुलीच्या आधी संडास बघायला लागलास. रक्त पडायला लागलं तेव्हाही मूळव्याध म्हणून ताकात जिरं घालून पीत बसलास. शेवटी मीच तुला गाडीत घालून सुरतेला नेलं. दुर्बीण आत गेली आणि कळलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा आहेत. कोलायटिस. गोळ्यांनी रक्त थांबलं, पण पोटातली गुडगुड आणि पळापळ काही पुरती थांबेना.

मग हेमकांतने मोबाइलवर शोधून ती तपासणी करून घेतली. रक्त द्यायचं आणि कुठलं अन्न अंगाला मानवत नाही त्याचा लाल, पिवळा, हिरवा असा रंगीत अहवाल घ्यायचा. सुरतेची डॉक्टरीण तरुण, पण माझ्यासारखीच फटकळ तोंडाची. ती म्हणाली, या कागदाने काही सिद्ध होत नाही. सुरुवात कुठून करायची एवढं ठरवायला वापरू. लाल रांगेतलं काही आठवडे पूर्ण बंद, मग एकेक पदार्थ परत आणायचा आणि पोट काय म्हणतं ते ऐकायचं. गोळ्या मात्र एक दिवसही सोडायच्या नाहीत.

लाल रांगेत निघाले दूध, गहू, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे. मिरची हिरव्या रांगेत! त्या संध्याकाळी तू सगळ्या नातेवाइकांना फोन करून मिरचीची बातमी दिलीस, जणू घरात नातू झाला. हिरवी म्हणजे ओंजळीने खा असं नव्हे, हे डॉक्टरणीचं वाक्य मात्र फोनवर कुणालाच सांगितलं नाहीस.

तुझी सून रिना हिला तोड नाही. दादरची, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीची, भाकरी, मुगाचं वरण, दुधीची भाजी, केळं, चहा बिनदुधाचा. सगळं वेळच्या वेळी ताटात. महिना झाला आणि तू तसाच पळतोयस. रिना रडकुंडीला आली, मी अहवालालाच शिव्या घालू लागले. बाहेर काय खातोस, विचारलं. काहीच नाही म्हणालास. शपथ घालून विचारलं तेव्हा निघालं की त्या महिन्यातही तुझं मुली बघणं जोरात चालू होतं. पोह्यांत शेंगदाणे, बाजूला बेसनाचा लाडू, गव्हाची शंकरपाळी, वरून दुधाचा चहा. लाल रांग एका ट्रेमध्ये मांडून तुझ्यासमोर येत होती आणि तू ती मान डोलावत खात होतास.

“जिजी, ते काय खानं शे का? तो तं मान शे.”

मी बी.एस्सी. आहे, तेव्हा शास्त्राचंच बोलले. म्हटलं, तुझ्या आतड्याला मान आणि अन्न यातला फरक कळत नाही. एक तर नीट पथ्य कर, नाही तर हे मुली बघणं सोड आणि घरी कापूस वेचत बस. तू म्हणालास, “मी बशी सारी का पोर नापास व्हई जाई. मन्हा पोटसाठे कोन्ही पोर नापास करू?”

त्यानंतर आठच दिवसांनी तळोद्याला जायचं होतं आणि तेही माझ्याच नातवासाठी. भूपेश साखर कारखान्यात इंजिनियर, मुलगी शांतीलालभाऊंची चारुलता, औषधांच्या दुकानात बसणारी, शिकलेली. निघताना मी तुला दम दिला की तिथे लाल रांगेतलं काही तोंडात गेलं तर मी सगळ्यांसमोर ते काढीन. माझं तू खरं मानलंस. वाटेत शांतीलालभाऊंना आधी फोन करून कल्पना देऊ म्हटलं, तर मुलीच्या बापाला पोटाचं सांगायची तुला लाज!

बसलो. ट्रे आला. पोहे, लाडू, चहा. सगळ्यांचे डोळे तुझ्या हाताकडे. तू बशी उचललीस, पोह्यांकडे असं पाहिलंस जसं स्टेशनवर निरोप द्यायला आलायस, आणि सारलीस.

शांतीलालभाऊंचा चेहरा उतरला. मंगलाबाई, मुलीची आई, पदराने उगीच टेबल पुसू लागल्या. माझी सून खाली वाकून चपला शोधू लागली. आणि भूपेशने काय केलं? ज्याने आयुष्यात कुठल्या पंगतीत इतरांच्या आधी घास घेतला नाही तो माझा नातू मोठमोठे चमचे भरून पोहे तोंडात कोंबू लागला. तोंड भरलेला माणूस उठत नाही, एवढंच त्याला सुचलं असणार. मुलीला कधीचा पसंत करून बसला होता तो! दोन मिनिटांत ठसका लागला, शेंगदाणा उडून शांतीलालभाऊंच्या सदऱ्यावर बसला आणि तरी कुणाची हसायची हिंमत होईना.

तेवढ्यात आतल्या दारातून चारुलता सरळ तुझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“काका, तुमले पोहे नको का मी नको?”

तू माझ्याकडे पाहिलंस, मी छताकडे पाहिलं. नात्याबाहेर कुणाला कळू न दिलेली गोष्ट तुला मुलगी बघायच्या बैठकीत बोलावी लागली.

“पोर, तुन्हामा काही खोट नही. खोट शे ती मन्हा आतडामा.”

मग जे झालं ते मी सत्तर वर्षांत पाहिलं नाही. शांतीलालभाऊंना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतःची ॲसिडिटी पहिल्यापासून सांगायला घेतली. त्यांच्या आई सुंदरबाई आतल्या खोलीतून काठी टेकत आल्या आणि आपल्या बद्धकोष्ठाची अशी हकिकत सांगितली की भूपेशला दुसरा ठसका लागला. कुणाला काय बाधतं, कुणाला कधी जावं लागतं, दोन्ही घरांची सगळी गुपितं पोह्यांच्या बशांवर उघडी पडली. कुंडली बघायची राहिली ती राहिलीच. तू खिशातून घडी घातलेला अहवाल काढलास, चारुलतेने तो वाचला, गोळ्या चालू आहेत ना एवढंच विचारलं आणि आत गेली.

बाहेर आली ती दादरची भाकरी आणि मुगाचं वरण घेऊन. तू पहिला घास घेतलास, मंगलाबाईंनी डोळे पुसले. मुलगी बघायला जाऊन भाकरी खाल्लेला तू पहिलाच मध्यस्थ. लग्न त्याच वर्षी झालं.

त्यानंतर तू पथ्य मनापासून पाळलंस. पळापळ थांबली, आणि एकेक पदार्थाची परीक्षा सुरू झाली. गहू पचला, म्हणजे सुटला. हरभरा बेताने खाल्ला तर सुटला. दूध मात्र पक्कं अडकलं, आणि त्याची परीक्षा तू घ्यावी कुठे? धडगावला निघताना दोन पेढे खाल्लेस. घाटातल्या प्रत्येक वळणावर जीप थांबली. जालमसिंग ड्रायव्हर अजून तुला बसवून घेताना आधी पेढ्यांचं विचारतो.

राहिले शेंगदाणे. तुला मी सांगितलं होतं, की तळोद्याच्या बाजारातून पाव किलो भाजलेले शेंगदाणे आण, माझ्या घरी माझ्यासमोर मूठभर खा, दोन दिवस इथेच राहा, म्हणजे तेही मिटेल. तू हो म्हणालास. एकदा विसरलास, एकदा दुकान बंद होतं, एकदा पाऊस होता. मला वाटलं, घाबरलास.

मग परवा माझ्या सुनेने सांगितलं. आता सगळीकडे तुझ्यासाठी भाकरी-वरण मांडतात. मुलगी पसंत असली तर तू जेवतोस. नसली तर वरणाकडे बघून विचारतोस, “ह्यामा शेंगदाना तं नही ना?” आणि पाहुणे गुपचूप चपला शोधतात. मुगाच्या वरणात शेंगदाणा कोण घालतं! पण मुलीच्या आईला गावात सांगता येतं की आमच्या पोरीत काही नव्हतं, हिलालभाऊंच्या पोटाला चाललं नाही.

म्हणजे आता पोरी नापास होत नाहीत, तूच नापास होतोस. शेंगदाणा सुटला तर तुझ्यापाशी दुसरी सबब नाही, हे मला दिसतं. पण डॉक्टरीण मलाच विचारते, चौथ्या पदार्थाचं काय झालं, आणि मी दर वेळी काय सांगू?

काल तू येऊन गेलास. चारुलतेच्या बाळासाठी झबलं आणलंस, माझ्यासाठी दोन पपया आणल्यास. शेंगदाणे आणले नाहीस.