परदेशातल्या हॉटेलात यांची शुगर उतरली तेव्हा...

गेल्या गुरुवारी दुपारी आम्ही दोघं पोलंडमधल्या एका छोट्या गावात, एका जुन्या पद्धतीच्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. बेलापूरहून पहिल्यांदाच एवढ्या लांब आलोय, मुलीकडे. स्नेहल कामावर गेली होती... जाताना म्हणाली, "आई, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवा आज. पिएरोगी मागवा."

हॉटेल छानच होतं. लाकडी छत, भरतकाम केलेले टेबलक्लॉथ, आत उबदार आणि खिडकीबाहेर बर्फ. इंग्रजी मात्र कुणालाच येत नव्हतं. वाढायला पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते. मी मोबाईलवर पिएरोगीचा फोटो दाखवला, त्यांनी हसून मान डोलावली. आपल्या करंज्यांसारखंच असतं, फक्त उकडलेलं, आत बटाटा आणि चीज.

ऑर्डर दिली आणि हे बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून आले. घरी इंजेक्शन झालं की लगेच ताट समोर येतं... इथे सगळं ताजं करून वाढतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इन्सुलिननंतर पोटात काही गेलं नाही तर शुगर झरझर उतरते.

आधी हे गप्प झाले. मला वाटलं, दमले असतील. मग बघते तर कपाळावर घामाचे थेंब... एवढ्या थंडीत!

"काय होतंय तुम्हाला?"

"काय न्हाई. लाईट आली का बघ... मोटार चालू करायचीय."

हे उसाला पाणी द्यायला निघाले होते... बेलापूरच्या शेतात!

पर्स उलटी केली. गोळ्या-बिस्किटांचा डबा घरीच राहिलेला. टेबलावर फक्त मीठ आणि मिरपूड. मी "शुगर! शुगर!" म्हणून ओरडले. आजोबा धावत आले, पण त्यांना वाटलं असावं की यांच्या छातीत दुखतंय. ते यांना आडवं करायला लागले आणि मोबाईलवर ॲम्ब्युलन्स बोलवायला लागले. स्नेहल फोन उचलत नव्हती. मोबाईलवर भाषांतर करायला गेले तर घाईत भलतंच काहीतरी उघडलं. यांची नजर माझ्यावरून नुसती घसरून जात होती...

हा माणूस इथे, या परक्या गावात, माझ्यासमोर जाणार, असंच वाटलं मला.

शेवटी मी यांच्या पोटाकडे बोट दाखवत रडत म्हणाले, "अहो, इन्सुलिन घेतलंय यांनी, इन्सुलिन!"

शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई एकटी जेवत होती. ती ताडकन उठली. "इन्सुलिना?" मी जोरजोरात मान हलवली. तिने आजोबांना काहीतरी ओरडून सांगितलं, आपल्या टेबलावरचा फळांच्या गोड सरबताचा ग्लास उचलला आणि आजोबांनी आणलेली साखर त्यात ढवळली.

मी ग्लास ओठांना लावला तर यांनी माझा हात झटकला. थोडं सरबत सांडलं. मग तिने यांच्या गालावर हात ठेवला, लहान मुलाशी बोलावं तसं तिच्या भाषेत हळूहळू बोलत राहिली... आणि हे तिच्या हातून प्यायले. एक घोट, मग आणखी एक.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. यांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही बाई कोन हाय?"

मी तिथेच ढसाढसा रडले.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शुगर तपासली, धोका टळला होता. तेवढ्यात माझे मिस्ड कॉल बघून स्नेहल धापा टाकत पोचली. तोवर पिएरोगीही आल्या होत्या आणि ती बाई यांना समोर बसून खायला लावत होती. स्नेहलने तिचे आभार मानले, तेव्हा ती जे बोलली ते स्नेहलने मला मराठीत सांगितलं...

तिच्या नवऱ्यालाही डायबिटीस होता. असंच झालं एकदा. तेव्हा ती घरी नव्हती.

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. माझा माणूस आज माझ्यासमोर बसून चहा पितोय... आणि ती त्या संध्याकाळी रिकाम्या घरी गेली असेल. देव तिला सुखात ठेवो.