गोळी थांबवून पाहिली तेव्हा

डॉक्टरबाई नव्या होत्या तेव्हा रक्ताच्या एका संथ कॅन्सरचे पेशंट काही वर्षांत डोळ्यांदेखत जायचे. मग गोळी आली. तिची चाचणी घेणाऱ्यांत बाई पुढे होत्या. पेशंट जगायला लागले, बाईंचं नाव झालं. फक्त गोळी जन्मभराची होती, आणि पेशंटांच्या लेखी बाईसुद्धा. ज्युनियरने तपासलेलं कुणाला चालायचं नाही.

"तुझे पेशंट मरत नाहीत, म्हणून तू माझ्या वाट्याला येत नाहीस," नवरा म्हणायचा. आधी हसून; पुढे पुढे नुसतंच.

ओपीडीच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. दाराबाहेरचा बाक कधी रिकामा नसायचा. त्यावर बसलेल्यांचे गोळीने सुजलेले डोळे बाईंना घरीही दिसायचे. वर्षानुवर्षं ज्यांच्या रक्तात आजाराचा मागमूस नाही, त्यांची गोळी थांबवून पाहिली तर? हा विचार डोक्यात शिरला तो निघेना.

रुग्णालयाच्या समितीने बरंच घोळवून परवानगी दिली. आता पेशंटच तयार होईनात. पहिले तयार झाले ते निवृत्त ड्रॉइंगमास्तर. गोळीमुळे बोटांना पेटके येऊन त्यांच्या हातातून ब्रश गळून पडायचा.

"मास्तर, आजार उलटू शकतो."

"उलटला तर तुम्ही आहातच की."

बाईंनी संमतीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

काही महिने मास्तरांचं रक्त स्वच्छ आलं. मग आजार पुन्हा दिसला. बाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं.

"म्हणजे परत गोळी?"

"हो. माझ्यावर राग असेल तर बोला."

मास्तरांनी बोटं उघडून मिटून पाहिली. "मधल्या काळात नातीचं चित्र पुरं केलं मी. लिहा गोळी."

ती पुन्हा लागू पडली. त्यांच्यामागून तयार झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे गोळीविना ठणठणीत राहिले. बाईंचं संशोधन गाजलं, परदेशातून भाषणांची बोलावणी आली.

पण बाक आणखी भरला. गोळी सोडायची म्हणून लांबलांबून लोक येऊ लागले. गोळीतून सुटलेले तर धास्तीने आधीपेक्षा जास्त वेळा रक्त तपासायला येत. त्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या एकीला बाई म्हणाल्या, "आता माझ्याकडे यायची गरज नाही. घराजवळच्या डॉक्टरांना दाखवत जा."

ती रडवेली झाली. "मॅडम, गोळी सोडली ती तुमच्या जिवावर. तुम्ही मला सोडू नका."

बाईंनी पुढची तारीख दिली.

निवृत्तीचं वय झालं तेव्हा त्यांनी स्वतःच मुदतवाढ मागितली. घरी सांगितलं, रुग्णालयाने गळ घातली. नवऱ्याने मान हलवली. मग निवृत्तीनंतर दोघांनी मिळून जायचं ठरवलेल्या डोंगरात तो आपल्या बहिणीला सोबत घेऊन फिरायला निघून गेला.