रंजनाची ‘घरी’ नावाची फाइल

पेणजवळच्या जोह्याहून रंजनाच्या भावाचा, बाळूचा फोन आला. “विजूताई, ताई गेली...” एवढंच बोलला. मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, आमच्या स्वयंपाकघरात उभी होते. भाजी करपली तरी कळलं नाही. आता काही आठवडे झालेत. तिच्यावर लिहायला बसले की तिचाच आवाज येतो, “विजू गो, किती पाल्हाळ लावतेस!”

नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघी नोकरीला होतो. मी स्टोअरमध्ये आणि ती कॉम्प्युटर सेक्शनला. सेक्शन म्हणजे ती एकटीच! सगळ्या खात्यांतली मशिनं नुकतीच वायरीने जोडली होती. तरी रोज संध्याकाळी प्रत्येक मशीनपाशी जाऊन दिवसभराच्या नोंदी मुख्य मशीनवर उतरवायच्या, मग त्या मशीनवरच्या फायली पुसायच्या, हे काम तिच्याच गळ्यात. ते उरकेपर्यंत पेणची एसटी गेलेली असे आणि पुढच्या गाडीने जोह्याला पोचेस्तोवर उजेड सरे. घरी गणपतींचा कारखाना. वडिलांची नजर अधू झालेली, त्यामुळे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी रंजनाच करायची, तीही दिवसाच्या उजेडात. पावसाळा लागला की बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग वाढत जाई. नोकरी सोड, असं सगळेच तिला सांगत होते. ती दोन्हीतलं काहीच सोडायला तयार नव्हती. भारी हट्टी बाई!

“विजू गो, आम्ही काय एकेक मूर्ती पुरी करतो काय? आधी सगळ्या रांगेला अंगाचा रंग, मग सगळ्यांना पीतांबर. मशिनींचं पण तसंच करते बघ.” रोज हाताने टाइप करायच्या त्या आज्ञा तिने एका फाइलमध्ये ओळीने लिहून काढल्या. अशा फाइलला बॅच फाइल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तिने नाव ठेवलं ‘घरी’. आपल्या टेबलावर बसून तो शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं, की फाइल सगळ्या मशिनांतून फिरून यायची.

सुरुवातीला झकास चाललं. मग एका संध्याकाळी डिस्पॅचवाल्यांनी सवयीने दिवे-पंख्यांबरोबर मशीनही बंद केलं. फाइलला ते सापडलं नाही, पण ती थांबलीही नाही. पुसायची पुढची ओळ तिने होती तिथेच, मुख्य मशीनवरच चालवली. गोळा झालेल्या सगळ्या नोंदी साफ! दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यांनी पुन्हा टाइप करताना रंजनाच्या नावाने बोटं मोडली. साहेब म्हणाले, “उद्यापासून पूर्वीसारखं हाताने करा.” मला वाटलं, आता ही राजीनामाच देणार.

“साहेब, चूक माझी हाय. काढायची पण मीच. थोडे दिवस द्या,” ती म्हणाली. मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता पडद्यासमोर बसायची. एके दुपारी एकदम हसली. “डोळे कधी कोणी रांगेनं करतं काय गो? हात थांबवायचा, मूर्तीकडं बघायचं, मगच ब्रश टेकायचा. तेच विसरले नाय मी?” त्यानंतर पुसायच्या आधी फाइल थांबू लागली. कोणकोणत्या मशीनच्या नोंदी आल्या ते दाखवायची आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायचं, ‘थांब. नीट बघ.’ रंजनाने बघून बटण दाबलं तरच पुढे. एखादं मशीन बंद दिसलं की ती खिडकीतून ओरडे, “ओ डिस्पॅच, चालू करा तुमचं!” पर्स खांद्याला अडकवूनच ती बटण दाबायची. तिची एसटी पुन्हा फारशी चुकली नाही आणि साहेबांनीही हाताने करायचं नाव काढलं नाही. नोकरी तिने निवृत्त होईपर्यंत केली, आखणी शेवटच्या आजारापर्यंत. मला तिचा फार अभिमान वाटे... तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर हसली असती.

परवा आमच्या गणपतीचा पाट द्यायला, म्हणजे यंदाची मूर्ती सांगायला, जोह्याला गेले. रांगेतल्या सगळ्या मूर्ती रंगून तयार होत्या, डोळे तेवढे कोरे. बाळू ब्रश घेऊन पहिल्या मूर्तीसमोर बसला होता. “ताईसारखं नाय जमणार मला,” म्हणाला. मी पाट भिंतीला टेकवून ठेवला. त्याने ब्रश उचलला, मूर्तीच्या अगदी जवळ नेला आणि थांबला. हात तिथेच ठेवून बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिला. नंतर त्याने डोळ्याची पहिली रेघ ओढली.